रात्री उतारी कृष्णाची

आमच्या घरी पत्ते निघाले की पहिली पाच-दहा मिनिटं नुसत्या वादावादीत जातात. पानं कुणी पिसायची, कुणी काटायची, उतारी कुणाची, आणि मुख्य म्हणजे डाव कुठला मांडायचा. लेकीला चॅलेंज हवा असतो, कारण त्यात खोटं बोलायची राजरोस परवानगी! ह्यांना मेंढीकोट, आणि तोही बंद हुकमाचा. मला विचाराल तर पाच-तीन-दोन. तीनच माणसं पुरतात, अठ्ठीच्या खालची पानं बाजूला काढायची, सत्त्या दोनच ठेवायच्या, की तीस पानांत बसल्या बसल्या खेळ उभा. ज्याला हुकूम बोलायचा त्याने पाच हात करायचे, दुसऱ्याने तीन, वाटणाऱ्याने दोन. ज्याचे कमी पडतील त्याच्याकडून पुढच्या डावात पान ओढून घ्यायचं. संसारातली देणीघेणी इतक्या सरळ हिशेबाने मिटली असती तर काय हवं होतं!

पण मैत्रिणींनो, पत्त्यांपेक्षा मला त्यातल्या शब्दांची मौज अधिक वाटते. एक्का, दुर्री, तिर्री, पंजी, छक्की, सत्ती, अठ्ठी, नव्वी, दश्शी ही नावं पत्ते खाली ठेवले की कुठे जातात कोण जाणे. बाजारात कुणी 'दुर्री किलो वांगी द्या' म्हणत नाही. पण पत्ते हातांत आले की शाळकरी पोरगीसुद्धा न अडखळता म्हणते, 'चौकट छक्की माझी.' उलट काही शब्द पत्त्यांतून उठून घरभर फिरतात. हुकमाचा एक्का, हुकमी पान, डाव साधणं, एखाद्याचा पत्ता काटणं, हातचं राखून खेळणं. आमच्या थोरल्या जाऊबाई बदाम सात खेळताना किलवर नव्वी शेवटपर्यंत दाबून बसल्या होत्या. त्याला आता बारा वर्षं झाली. घरात कुणी एखादी गोष्ट विनाकारण अडवून धरली की आम्ही अजून म्हणतो, 'किलवर नव्वी सोडा आता.'

या सगळ्या गोंधळात सासूबाई कधीच नसायच्या. कोपऱ्यात फुलवाती वळत बसायच्या आणि लक्ष मात्र सगळं इकडे. 'अगं, दस्त मोजलेस का?' 'उतारी तुझी नव्हे, तिची.' खेळायला बोलावलं तर म्हणायच्या, 'ही चौकोनी पानं आमची नव्हेत.'

त्यांची पानं गोल होती. सरकत्या झाकणाच्या एका लाकडी डब्यात, मलमलच्या फडक्यात बांधलेली, दहा रंगांची, प्रत्येक रंगात बारा. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफा. वास्तविक १२० हव्यात, डब्यात ११८ होत्या.

हा डबा आमच्या घरी कसा आला ते सांगायला हवं, कारण पुढचा सगळा प्रवास त्यावरून झाला. सासूबाईंचं माहेर वाडीजवळच्या एका खेड्यातलं. (सावंतवाडीला तिकडे नुसतं 'वाडी' म्हणतात. दुसरी कुठली वाडी असेल अशी शंकाही कुणाला येत नाही.) अकरा वर्षांपूर्वी भावांनी वाटण्या करायचं ठरवलं. सासूबाईंना बोलावून घेतलं, कचेरीत हक्कसोडपत्रावर सही झाली, भावजयींनी साडी नेसवून ओटी भरली. काजूची कलमं, नारळीची बाग, घर, सगळ्यावरचा हक्क एका सहीत गेला. २००५ सालच्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीलाही मुलाइतकाच वाटा आहे हे आम्हांला माहीत नव्हतं असं नाही. पण माहेरच्या उंबऱ्यावर उभं राहून कायदा बोलणं किती जणींना जमतं? निघताना त्यांनी माडीवरचा हा डबा तेवढा मागितला. भावांनी हसून दिला.

घरी आल्यावर हे जे एकदा बोलले ते मला आवडलं नव्हतं. 'बाग गेली, कलमं गेली, आणि आईने आणलं काय, तर अर्धवट पत्त्यांचा डबा!' तेव्हा थट्टाच होती. पण अशी थट्टा दर दोन-चार महिन्यांनी होऊ लागली की तिला धार येते. सासूबाई काही बोलायच्या नाहीत. त्यानंतर माहेरीही गेल्या नाहीत.

गेल्या दिवाळीत फराळ उरकल्यावर अचानक म्हणाल्या, 'एकदा वाडीस जाऊन येऊ या गो. दोन पानं कमी आहेत ती रंगवून घेऊ.' त्यांना शहात्तर संपलेलं. मी लगेच हो म्हटलं. ह्यांना रजा नव्हती, ते एका परीने बरंच झालं. सासूबाई, मी आणि नववीतली लेक अशा तिघी निघालो.

कोल्हापुराहून आजऱ्यावरून आंबोलीचा घाट उतरून एस.टी. वाडीला जाते. रेल्वेने येणाऱ्यांनी सावंतवाडी रोड स्टेशनावर उतरायचं, ते गावापासून काही मैल दूर मळगावला आहे, तिथून रिक्षा करावी लागते. आम्ही आपल्या एस.टी.वाल्या. घाट लागण्यापूर्वी मुलांना तेलकट खायला देऊ नका, पुढच्या बाजूची जागा धरा आणि आलेपाकाच्या वड्या हाताशी ठेवा, एवढं सांगून ठेवते. आंबोलीला धुकं होतं. सासूबाईंनी डबा मांडीवरून खाली ठेवला नाही. घाट उतरला, माड दिसायला लागले, हवा एकदम ओलसर झाली, तशी त्यांची भाषाही बदलली. आमच्याशी बोलता बोलताच शेजारच्या बाईला म्हणाल्या, 'खंय जातंस गो?' लेक माझ्याकडे बघून हसली. आजीला इतकं मोकळं बोलताना तिने कधी ऐकलंच नव्हतं.

वाडी म्हणजे मोती तलाव. गाव त्याच्याभोवती बसलेलं. संध्याकाळी सगळं गाव त्या काठावरून फिरतं आणि राजवाडा समोरून बघत असतो. आम्ही उतरलो ती साधी लॉज होती. सकाळी खाली घावणे आणि चटणी, रात्री सोलकढी. चितारआळीत चक्कर मारायला विसरू नका. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची केळी, वांगी, आंबे, भातुकली, पाट असं काय काय रंगवून मांडलेलं असतं. लाकडी मिरच्या पाहून मला फोडणीची आठवण झाली इतक्या त्या खऱ्या. मी एक फळांची टोपली घेतली. दिवाणखान्यात ठेवलीत तर धूळ मऊ कोरड्या फडक्यानेच पुसा, ओलं लावू नका.

पण आमचं काम राजवाड्यात होतं. तिकीट काढून दरबार हॉलमध्ये गेलं की गंजिफा रंगवणारे कारागीर प्रत्यक्ष कामाला बसलेले दिसतात. ही कला मधल्या काळात जवळजवळ संपली होती. छापील पत्ते आले, त्यांच्यापुढे हाताने रंगवलेल्या गंजिफा कोण विकत घेणार? १९७०च्या सुमारास शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी ती पुन्हा उभी केली. पुंडलिक चितारी हे वयोवृद्ध कारागीर तेवढे जाणते उरले होते. त्यांच्याकडून विद्या घेतली, नवी मुलं बसवली. राणीसाहेब स्वतः कुंचला घेऊन शिकल्या. २०१८ साली त्या गेल्या, पण त्यांनी घालून दिलेलं काम चालू आहे. अलीकडे वाडीच्या गंजिफांना भौगोलिक मानांकनही मिळालं, आणि राजवाड्याच्या एका भागात गंजिफांच्या चित्रांनी सजवलेलं हॉटेल झालं आहे. तिथल्या खोलीचं भाडं मी विचारलं नाही.

काम डोळ्यांत तेल घालून करायचं. जुनी पद्धत अशी, की कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकावर एक चिकटवायचे, वर खडूची पूड बसवायची, घोटून गुळगुळीत करायचं, मग गोल कापून रंग आणि शेवटी लाखेचा हात. (चिंचोक्याची खळ आपल्या आया रजयांच्या खोळींना देत असत, तीच ही.) दर रंगाची जमीन वेगळी, पाठ मात्र सगळ्या पानांची एकसारखी. पाठ जराशी जरी वेगळी झाली तरी पान ओळखू येणार आणि खेळ फसणार. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

एक मुलगी मत्स्यावताराचा राजा रंगवत होती. सासूबाई तिच्यासमोर जमिनीवर बसल्या आणि फडकं सोडलं. हळूहळू चार-पाच जण भोवती जमले. एका वयस्क कारागिराने एक पान तळहातावर घेऊन तिरपं धरलं, लाखेला गेलेले बारीक तडे पाहिले आणि नुसतं 'वा' म्हटलं.

मग सासूबाई पानं लावत सुटल्या. मासा तो मत्स्य, कासव तो कूर्म, शंख वराहाचा, चक्र नरसिंहाचं, कमंडलू वामनाचा, परशु परशुरामाचा, बाण रामाचा, गाय कृष्णाची, कमळ बुद्धाचं, तलवार कल्कीची. गावोगावच्या संचांत ही चिन्हं थोडी इकडची तिकडे होतात, पण आमच्या डब्यात अशी होती. प्रत्येक रंगात एक राजा, एक वजीर आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पानं. राजा मोठा, मग वजीर. त्याच्याखाली मात्र गंमत आहे. पाच रंगांत दश्शी मोठी आणि एक्का सर्वांत लहान. उरलेल्या पाच रंगांत बरोबर उलटं, एक्का मोठा आणि दश्शी अगदी तळाला! लेकीने लगेच विचारलं, 'हे कोण लक्षात ठेवणार?' आजी म्हणाली, 'जो जिंकणार तो.'

आणखी एक गोष्ट. या खेळात आपल्या मेंढीकोटासारखा एखादा रंग हुकूम नसतोच. गंजिफांत हुकूम म्हणजे त्या रंगातलं, अजून खेळात न आलेलं सर्वांत वरचं पान. राजा पडला की वजीर हुकूम. वजीर पडला की त्याच्याखालचं पान. ते टाकलं की हात आपलाच. मला तिथे उभ्या उभ्या उलगडा झाला, की 'हुकमी' म्हणजे खात्रीचं हा अर्थ या खेळात किती चपखल बसतो. आपल्या बावन्न पानांत हुकूम दुसऱ्याचं पान मारतो. गंजिफांत तो मारत नाही, नुसता खात्रीचा असतो. समोरच्याने त्याच रंगाचं पान टाकायचं असंही बंधन नाही, नको असलेलं कुठलंही फेकावं. मग खेळ उरतो तो एकट्या स्मरणशक्तीचा. १२० पानांतली कुठली गेली, कुठली उरली, आता कुठलं हुकमी झालं. तिघे खेळायला बसले की प्रत्येकाच्या हातांत चाळीस पानं येतात. एका मुठीत मावत नाहीत.

तिथल्या एका कारागिराने सांगितलं की दशावतारी ही आपल्याकडची घडण, मूळ खेळ मोगलांबरोबरचा. त्यात आठ रंग आणि ९६ पानं, मराठीत त्याला चंगकांचनी म्हणायचे. बाबराने १५२७ साली सिंधमध्ये शहा हुसेनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे, आणि अकबराच्या दरबारातल्या पत्त्यांचं वर्णन अबुल फजलच्या आईन-ए-अकबरीत आहे. म्हणूनच वजीर, हुकूम, दस्त असे फारसी वळणाचे शब्द मत्स्य-कूर्मांच्या मांडीला मांडी लावून बसले आहेत. बावन्न पानांतला आपला गुलाम तर मोगल गंजिफांत एक अख्खा रंग होता. देवाची नावं घेत खेळायचं म्हटल्यावर पत्त्यांना 'वाईट नाद' कोण म्हणणार? आपल्या लोकांची ही युक्ती मला फार आवडली.

आणि वाडीपासून गोवा हाकेच्या अंतरावर. तिथे पोर्तुगीजांनी आणलेल्या पत्त्यांत तलवारी, पेले, सोन्याची नाणी आणि दांडकी असे रंग. इंग्रजीत इस्पिकाला जो शब्द आहे तोही मुळात तलवारीचाच, फावड्याचा नव्हे. आपण मात्र त्या आकारांकडे बघून आपल्या सोयीची नावं ठेवली. लाल आकार बदामासारखा दिसला, झालं बदाम. चार कोपऱ्यांचा तो चौकट. पण माझ्या डोक्यात वेगळीच गोष्ट घोळत राहिली. गंजिफांत राणीच नाही. दहा राजे, दहा वजीर, बायको कुणालाच नाही. जुन्या पोर्तुगीज-स्पॅनिश पत्त्यांतही राणी नसे. ती आली फ्रेंच वळणाच्या पत्त्यांतून, आपल्याकडे इंग्रजांच्या हातून. आणि आल्यावर तिची जागा कुठे? राजाच्या खाली, गुलामाच्या वर.

कारागीर मुलीने विचारलं, 'आजी, तुम्ही पुष्कळ खेळला असाल ना?'

सासूबाई पानं गोळा करत होत्या. म्हणाल्या, 'नाही. मी कधी खेळले नाही.'

मी चमकलेच. अकरा वर्षं मी धरून चालले होते की लहानपणी त्या खेळत असणार. त्यांनी सांगितलं ते असं. खेळ ओटीवर चाले. आजोबा, वडील, चुलते, पुढे भाऊ. बायकामुलींनी ओटीवर बसायचं नाही. माजघराच्या दाराआडून दिसेल तेवढं बघायचं, नाहीतर चहा द्यायला जाताना. चहा देताना मुद्दाम सावकाश द्यायचा, म्हणजे चुलत्यांच्या हातांतली पानं दिसत. वडिलांची उतारी झाली की ह्या आत उभ्या राहून मनातल्या मनात पुढचं पान टाकत, आणि तेच पान पडलं की एकट्याच हसत. 'दारामागून बघलंय सगळा,' त्या मालवणीतच म्हणाल्या.

पूर्ण नव्या संचाची किंमत मी विचारली. हाताचं काम, महिनोन् महिने लागतात, तेव्हा ती योग्यच असणार, पण माझ्या बटव्याला पेलणारी नव्हती. आम्हांला दोनच पानं हवी होती, कृष्णाचा वजीर आणि वराहाची सत्ती. गावातल्या एका कारागिराने दोन दिवसांत करून देतो म्हटलं. जुनी पानं नमुन्याला ठेवून घेतली.

त्या रात्री दिवा मालवल्यावर मी विचारलं, 'आई, तेव्हा तुम्ही सही का केलीत?'

बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मला वाटलं झोप लागली. मग म्हणाल्या, 'कुणी विचारलं होतं का गो, करतेस का म्हणून? कागद वाचून दाखवला आणि बोट ठेवलं, इथे कर. डबा तेवढा मी माझ्या तोंडाने मागितला.' थोड्या वेळाने म्हणाल्या, 'तो दिला नसता तर मात्र मी भांडले असते.'

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची भाचसून लॉजवर येऊन उभी. गावात बातमी लपत नाही. 'आत्यानू, वाडीत येऊन लॉजवर रवतत? घराकडे चला.' सासूबाई आधी नाही म्हणाल्या, मग पातळ बदलून आल्या. पानं तयार झाली की येऊ असं ठरलं.

पानं आली. काम अप्रतिम. वजिराचं पागोटं, घोड्याचा पाय, सगळं जुन्या पानांवरून उचललेलं. फक्त एक झालं. जुन्या पानांच्या पाठीचा लाल रंग पन्नास-साठ वर्षांत विटून विटेसारखा झालेला, आणि ही दोन नवी पानं कुंकवासारखी झळझळीत. कारागिराने आधीच सांगितलं होतं, जुना रंग येणार नाही. शंभर हात दुरून ओळखू येतील अशी दोन पानं. लेक म्हणाली, 'आजी, आता ही ज्याच्याकडे जातील त्याचं सगळ्यांना कळणार.' आजी म्हणाली, 'कळू दे.'

माहेरचं घर मी पूर्वी दोनदाच पाहिलं होतं. पुढे शेणाने सारवलेलं खळं, तुळस, मग ओटी. थोरले भाऊ मागेच गेले. धाकटे, म्हणजे सासूबाईंहून चार वर्षांनी मोठेच, खुर्चीत बसले होते. गुडघे गेलेले, बाकी नजर तल्लख. बहीणभावांनी एकमेकांना तब्येत विचारली, पावसाचं विचारलं, काजूचं विचारलं. अकरा वर्षांचं बोलणं दहा मिनिटांत संपलं आणि सगळे गप्प बसले. भाचसून आत जाऊन कोंबडी-वड्यांची तयारी बघू लागली.

रात्री जेवणं झाल्यावर सासूबाईंनी डबा ओटीवर आणला. भावाने झाकण सरकवलं, पानांवरून हात फिरवला आणि नवी दोन अचूक बाहेर काढली. 'ही खंयची?'

'मी करून घेतली.'

'कित्याक?'

'खेळूक.' आणि त्या ओटीवर भिंतीला टेकून बसल्या.

भाऊ त्यांच्याकडे बघत राहिले. 'तुका येता?'

'वाटा तर खरी.'

तिसरी मी बसले. भाचसुनेला बोलावलं तर तिने हसून हात जोडले. लेक माझ्यामागे बसून कुठल्या रंगात काय मोठं ते कानात सांगणार असं ठरलं. चाळीस पानं हातांत धरायची सवय नाही, माझी निम्मी मांडीवर सांडली. नव्या पानांपैकी वराहाची सत्ती भावांकडे गेली आणि कृष्णाचा वजीर नेमका माझ्याकडे, तोही सगळ्यांना दिसत.

गंजिफांत उतारीचा नियम ठरलेला आहे. दिवसा खेळायला बसलं तर ज्याच्याकडे रामाचा राजा त्याची उतारी. रात्री बसलं तर ज्याच्याकडे कृष्णाचा राजा त्याची. दिवस-रात्र बघून डाव सुरू करणारा दुसरा खेळ माझ्या तरी माहितीत नाही.

'कृष्ण कुणाकडे?' भावांनी विचारलं. मी मान हलवली. सासूबाईंनी चाळीस पानांतून एक हलकेच काढलं आणि सतरंजीवर ठेवलं. कृष्णाचा राजा. त्यांची उतारी.

पुढचा खेळ मी तुम्हांला नीट सांगू शकणार नाही, कारण मला तो समजतच नव्हता. राजा पडल्याबरोबर माझा वजीर हुकमी झाला एवढं लेकीने कानात सांगितलं, पण तो टाकायला माझा हात आधी यायला हवा ना! बहीणभाऊ मात्र एकमेकांची पानं वाचल्यासारखे खेळत होते. मध्येच भाऊ थांबले आणि म्हणाले, 'ही बाबांची चाल.' सासूबाई म्हणाल्या, 'बाबा ती चूक करीत. मी आतून सांगायची, त्यांना ऐकू जायचं नाही.' भाऊ मोठ्याने हसले, आणि त्यांना ठसका लागला.

साडेदहाच्या सुमारास भाचा आतून चहा घेऊन आला. पाच कपांचा ट्रे. आधी काकांसमोर धरला, मग आत्यासमोर. सासूबाईंनी चटकन पानं छातीशी धरली आणि म्हणाल्या, 'बघू नको हां.' त्याला काही कळलं नाही. मला कळलं.

दस्त मोजले तेव्हा भावांचे अठरा, सासूबाईंचे पंधरा, माझे सात. त्या सातांतला एक त्या कुंकवाच्या रंगाच्या वजिराने मिळवून दिला, हे मी घरी आल्यावर ह्यांना सांगितलं. डब्याची थट्टा त्यानंतर ऐकली नाही. पुन्हा होणारच नाही असं काही मी म्हणत नाही.

भाऊ पानं गोळा करून फडक्यात बांधायला लागले. त्यांनी गाठ मारली, डबा बहिणीपुढे सरकवला आणि म्हणाले, 'ने. तुझो असा.'

सासूबाईंनी डबा उचलला नाही. 'राहू दे इथेच रात्रभर,' म्हणाल्या. 'सकाळी रामाची उतारी.'

आमची एस.टी. सकाळी नऊची होती. ती आम्ही सोडली, आणि दुपारची धरली.